हत्तीचे मागचे पाय

सिंगापूरच्या पुंगोलमधल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या गणपतीत मुलांचं नाटुकलं मी लिहितो. यंदा विषय घेतला होता जुन्या अमेरिकी फिरत्या सर्कशीतला हत्ती. तिथले मालक त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी रात्री चालवत नेत. वाटेत लोकांनी फुकट पाहिला, तर तिकीट कोण काढणार? हे वाचून मला एवढं अपराधी वाटलं, की जणू साखळी माझ्याच हातात होती. प्रेक्षकांनाही तसंच वाटलं पाहिजे, असं मी ठरवलं.

हत्ती चादरीचा होता; त्याच्या आत दोन मुलं लागणार होती. माझ्या मुलीला पुढे राहून सोंड हलवायची होती. लेखकाची मुलगी म्हणून सोंड मिळाली, असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तिला मागचे पाय दिले.

"बाबा, मग मी कुणाला दिसणारच नाही."

"अगं, मागच्या पायांशिवाय हत्ती उभा राहील का?"

पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसात आमचा बॉस बढती नाकारताना असंच बोलतो.

कार्यक्रमाला हॉल भरला. मी मालक झालो होतो. कोट, मिशी, चाबूक. साखळी ओढत हत्ती आला. मी चाबूक उगारला आणि प्रेक्षकांच्या हुंदक्यांसाठी थांबलो.

"गणपती बाप्पा..." पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"मोरया!" अख्खा हॉल उभा राहिला.

पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक आजी थेट स्टेजवर चढल्या. "अहो, बाप्पावर चाबूक उगारता? निदान बूट तरी काढा!"

मी बूट काढले. मोज्यांतल्या मालकाला कोण घाबरणार? बघता बघता सोंडेपुढे दर्शनाची रांग लागली, मोदक आले, सेल्फी सुरू झाले. आणि मी, हत्तीचे अश्रू पुसायला निघालेला लेखक, चाबकाने रांग सरळ करत होतो. "एकेकानं या! पुढे सरका!"

तेवढ्यात शेपटीजवळची चादर वर झाली आणि माझ्या मुलीचा घामाघूम चेहरा बाहेर आला.

"आंटी, इकडे पण या ना. फ्री आहे, लाह!" ती शाळेतल्या सिंगापुरी ढंगात ओरडली.

सगळे हसले. मला हसता येईना. मी चाबूक ठेवला, ताटातला मोदक उचलला आणि मागे गेलो.

"अहो, शेपटीकडून कसलं दर्शन?" आजी म्हणाल्या.

"माझी मुलगी आहे तिथे."

भरल्या तोंडाने तिने विचारलं, "पुढच्या वर्षी सोंड मला?"

"तुलाच," मी म्हणालो. "लेखकाची मुलगी म्हणून."