शिंपीकाकांचा अभिप्राय

मैसूरच्या आमच्या ऑनलाइन वाचक गटात अग्रहार भागातले एक शिंपीकाका आहेत. मराठी लिहायची सवय नाही म्हणून ते मत बोलून पाठवतात. मागे शिलाई मशीन चालूच असतं.

एका कादंबरीचं सगळ्यांनी कौतुक केलं. मी, शाळामास्तर, सर्वांत लांब लिहिलं. मग काकांचा आवाज आला, "पुस्तक चन्नागि आहे, छान आहे. पण त्यातला शिंपी एकदाही सुईत दोरा ओवत नाही. नुसता दुःखी बसतो."

"काका, ते प्रतीक आहे," मी लिहिलं.

"असू दे. मग गावाचे कपडे कोण शिवलं?"

मी पुस्तक पुन्हा चाळलं. खरंच, एकही टाका नव्हता. तसं गटावर कबूल केलं.

"तुम्ही शिंपी नव्हे, अल्वा? नाही ना?" काका म्हणाले. "शाळेवरचं पुस्तक आलं की तुम्ही सांगा. मी ऐकतो."