पाण्याखालचा लेख आणि आमच्या बाई

डॉ. निर्मला तळणीकर यांची माझी पहिली भेट महाविद्यालयाच्या संगणक कक्षात झाली. पिशवीभर फोटो टेबलावर ओतून त्यांनी विचारलं, मराठवाड्यातल्या जुन्या बारवा आणि शिलालेख कुणालाही घरबसल्या पाहता येतील असं काही करता येईल का? मी संगणक शिकवणारा माणूस, इतिहासाशी माझा छत्तीसचा आकडा. तरी हो म्हणालो आणि कायमचा अडकलो.

आज आमच्या संकेतस्थळावर लेण्यांपासून वेशीवरच्या फारसी लेखांपर्यंत सगळं सापडतं. बाईंची शिस्त एकच: लेख आधी त्या गावात मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच संकेतस्थळावर चढवायचा. मला ही नसती उठाठेव वाटायची. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा बाई रोज डबा आणत आणि तिलाही एकेक लेख वाचून दाखवत. आईला ते फार आवडायचं.

दुष्काळात पडेगावच्या पुढची एक बारव तळाला गेली आणि आतल्या भिंतीतला लेख उघडा पडला. आमचं शहर तोवर तिथवर येऊन ठेपलं होतं. कोरडी बारव काय चाटायची, म्हणून जागेच्या मालकांनी ती बुजवून प्लॉट पाडायचं ठरवलं. मेंढरं राखणाऱ्या गयाबाई धावत बाईंकडे आल्या. पाऊस झाला की त्यांच्या कळपाला तोच एक पाणवठा होता.

बारव बुजवायला मुरमाचा हायवा ट्रक आला त्या सकाळी बाईंनी गाव गोळा केलं आणि पायऱ्या उतरून त्या लेखाशी उभ्या राहिल्या. शेवटच्या दोन ओळी गाळा, असं मी हळूच सुचवलं. बारव बुजवणाऱ्याच्या आईला त्यात गाढवावरून शिवी होती, जुन्या लेखांत शेवटी असते तशी. बाईंनी तीही खणखणीत आवाजात वाचली, अर्थासकट.

मालकांच्या आई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या लेकाला म्हणाल्या, "या वयात मला ही शिवी खायला लावतो व्हय? गाडी माघारी फिरव."

हायवा परत गेला. ती शिवी या गौरवग्रंथात छापता येत नाही, संकेतस्थळावर मात्र जशीच्या तशी आहे.

पुढं पाऊस झाला, बारव भरली, लेख बुडाला. लांबून आलेले अभ्यासक हिरमुसतात. बाई मात्र खुशीत मोबाइल काढून त्यांना फोटो दाखवतात, आणि शेजारी गयाबाईंची मेंढरं पाणी पीत असतात.

बाई, पंचाहत्तरी झाली, आता शंभरीही ठणठणीत गाठा. आणि तो दगड तुम्हाला पुन्हा कधीही कोरडा दिसू नये.