टाकीतलं पाणी आणि थेंबकाका

आमच्या पेट्रोल पंपावर जमिनीखालच्या टाक्या मोजायचं काम एकतीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात असेल. पण येईल त्याला "शेवटचे थेंब उरलेत, घ्या भरून" असं ऐकवायची त्यांना खोड, म्हणून ते थेंबकाका. पेट्रोल विकणाऱ्याच्याच अंगणात उभं राहून पेट्रोल संपणार म्हणून बोंब ठोकायची, असा हा माणूस. मी त्याच पंपाच्या कोपऱ्यात पंक्चर काढतो, हवा भरतो. गाड्या पेट्रोलवर चालोत नाहीतर मंत्रावर, चाकात हवा लागणारच. त्यामुळे या वादात माझं काही जाणार नव्हतं, तरी मी रोज त्यात नाक खुपसायचो.

काकांना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बोलतानाही फेऱ्या मारायचे. एकच वेळ ते स्थिर असत, सकाळी टाकी मोजताना. झाकण उघडायचं, लांब पितळी रॉडच्या टोकाला पिवळसर लेप लावायचा, रॉड तळाला टेकवायचा, वर काढून तेलाची खूण वाचायची. तळाशी पाणी असलं तर लेप लाल होतो. मग वहीत लिहायचं: "पाणी: नाही." खाली सही. ती सही झाल्याशिवाय मालकीणबाईसुद्धा विक्री सुरू करत नसत.

वाद रंगायचा तो टॅक्सीवाली आली की. ही बाई जिभेची तिखट.

"काका, माझ्या लहानपणापासून तुमचं तेल संपतंय. अजून माझी टाकी भरतेच आहे!"

"अगं, संपतं म्हणजे खडखडाट होतो असं नाही!" काका चालता चालता वळायचे. "वरचं वरचं सहज निघतं. मग खरवडायला लागतं. समुद्राच्या तळाशी जा, बर्फाखाली जा, खडक फोडा. निम्मं संपलं की उतार लागतो, आणि उतारावर ब्रेक नसतो."

"मग मी बॅटरीची गाडी घेते."

"घे की. वीज काय भिंतीतून येते? कुठेतरी काहीतरी जळतंच."

"आणि पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळतात ते?" मी काडी टाकायचो.

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "माणसाचं धान्य गाडीला पाजायचं! दुधात पाणी घालतात तसला प्रकार. त्याला मी इंधन म्हणत नाही."

"काका, घोडागाड्या काय गवत संपलं म्हणून बंद झाल्या?" टॅक्सीवाली गाडी सुरू करत म्हणायची आणि काका पुढचा अर्धा तास तिला उत्तर देत मोकळ्या आवारात फिरत राहायचे.

यंदा मालकीणबाईंनी आवाराच्या एका कडेला चार्जिंगचे दोन खांब उभे केले आणि टाकीत यंत्र बसवलं. तेल किती, पाणी किती, सगळं ऑफिसातल्या डब्यावर दिसणार, पाणी शिरलं की घंटा वाजणार. काकांचा चेहरा उतरला. मालकीणबाई माणूस म्हणून वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, महिनाभर दोन्ही चालू ठेवू. तुमचं मोजमाप यंत्राच्या तोडीस तोड राहिलं तर निवृत्त होईपर्यंत रॉड तुमच्याकडे. नाहीतर चार्जिंगच्या खांबांपाशी खुर्ची टाकून देते."

त्या महिन्यात काकांनी माझं डोकं उठवलं. दिवसातून दहादा ऑफिसात जाऊन डब्याकडे बघायचे, परत यायचे. "खुर्चीत बसून मी काय करू रे? वायर लावली की माणूस तासभर मोबाइल बघत बसतो. तिथे माझी काय गरज?" मी काहीतरी थट्टेवारी न्यायचो.

यंत्राबरोबर नव्या लेपाची ट्यूब आली होती. अल्कोहोल पाणी पिऊन घेतं आणि दोन्ही मिळून तळाशी बसतात. ते पाणी जुन्या लेपाला ओळखता येत नाही, नव्याला येतं, असं पाकिटावर लिहिलं होतं. काकांनी पाकीट उघडलंही नाही. "एकतीस वर्षांत माझ्या लेपानं दगा दिला नाही." आपलं तेच खरं, दुसरं काय.

सव्विसाव्या दिवशी, दोन दिवसांच्या संततधारेनंतर, सकाळी मी कॉम्प्रेसरची किल्ली घ्यायला ऑफिसात गेलो. डबा पीं पीं करत होता. काका रॉड हातात धरून समोर उभे. रॉडच्या टोकाचा लेप पिवळाच होता.

"खोटं बोलतंय," ते म्हणाले. "मी दोनदा मोजलं."

"काका, मालकीणबाईंना विचारू या का?"

"ती यायला तास आहे. बाहेर रांग लागलीय." आणि त्यांनी सरळ कपाटामागे हात घालून डब्याचा प्लग उपटला. वहीत लिहिलं, "पाणी: नाही." सही केली. मी किल्ली घेऊन मुकाट बाहेर आलो.

तासाभरात पहिली मोटरसायकल ढकलत परत आली. मग एक व्हॅन. मग फोनवर फोन. एकूण अकरा गाड्या. टॅक्सीवालीची गाडी चौकाच्या अलीकडे बंद पडली होती आणि मागच्या सीटवर डायलिसिसला निघालेले एक आजोबा होते. दुसरं वाहन मिळेपर्यंत दीड तास गेला. आजोबा सुखरूप राहिले, पण त्या दीड तासात बाईच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीच्या झाकणाचं रबर फाटून पावसाचं पाणी आत गेलं होतं.

मालकीणबाईंनी आधी विक्री थांबवली, मग ऑफिसात आल्या. डबा बंद दिसला तशा भडकल्या. "ऐन वेळी मेलं हे यंत्र! काका, अल्कोहोलमधलं पाणी तुमच्या लेपाला दिसणारच नव्हतं, तुमचा काय दोष? ओरडायचं काम याचं होतं. उद्याच परत पाठवते. तुम्ही नवा लेप लावून मोजत जा."

म्हणजे काका जिंकले होते. मला फक्त मूग गिळून बसायचं होतं, आणि ते मला छान जमतं.

दुपारभर काका आवारात फिरत होते. माझ्यासमोरून गेले की मी उगाच एखादी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधल्यासारखं करायचो. चार वाजता टॅक्सीवाली गाडीची टाकी रिकामी करून घ्यायला आली. ऑफिसात खुर्चीवर बसली तेव्हा तिचे डोळे अजून लाल होते. काकांनी दारातून तिच्याकडे पाहिलं, आत गेले, वही उघडून उभ्या उभ्याच काहीतरी लिहिलं आणि वही मालकीणबाईंपुढे ठेवली.

मी मागोमाग दारात पोचलो तेव्हा मालकीणबाईंनी मोठ्यानं वाचलं. "घंटा वाजली होती. मी बंद केली." खाली सही.

मग वही मिटत त्याच म्हणाल्या, "कशाला लिहिलंत? कुणाला कळलं नसतं."

"याच्याविरुद्धच तर भांडतोय मी जन्मभर," काका म्हणाले. "जगात तेल किती उरलंय हे कुणालाच का माहीत नाही? तेल संपल्यावर कळेल, पण आज का कळत नाही? कारण मोजणारे खोटं लिहितात. ज्याच्या त्याच्या सोयीचा आकडा. आज मीही तेच केलं."

टॅक्सीवाली उठली. मला वाटलं, आता ती त्यांना फाडून खाणार. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "काका, बसा." आणि काका बसले.

मालकीणबाईंनी प्लग लावला. डबा पुन्हा ओरडायला लागला. "उद्यापासून खांबांपाशी," त्या हळूच म्हणाल्या. काकांनी मान हलवली.

मीही सकाळी तिथे होतो, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. काकांनी वहीत माझा उल्लेख केला नव्हता. त्यांनी तो केला असता तर मला बरं वाटलं असतं.