आठवं पिल्लू

भागू हे काही तिचं खरं नाव नव्हे. गल्लीत सगळे तिला भित्री भागूबाई म्हणायचे. हळूहळू त्यातलं 'भित्री' गळालं, 'बाई'ही गेलं आणि नुसती भागू उरली. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देणं हा तिचा धंदा. वीस वर्षं इस्त्री हाताळली, पण प्लग लावताना अजूनही तोंड फिरवायची. फोन वाजला की हात आधी छातीवर जायचा, मग फोनकडे.

नवरा वारल्यापासून ती आणि तिची थोरली नणंद एकत्र राहत होत्या. मागच्या अंगणातल्या कोंबड्या नणंदेच्या. वन्सं चार दिवस लेकीकडे निघाल्या, तेव्हा दारातूनच बजावून गेल्या, "आठ पिल्लं आहेत. आले की आठच दिसली पाहिजेत."

त्याच संध्याकाळी खुराड्याची फळी लावताना ती भागूच्या हातून निसटली आणि खाली आपटली. एकच बारीक किंकाळी आली. फळी उचलली तर खाली पिवळं पिल्लू, एक पाय सैल धाग्यासारखा लोंबणारा.

आता आई त्याला पंखाखाली घेईल, असं भागूला वाटलं. कोंबडी आली, मान वाकडी करून बघितलं आणि त्या मोडक्या पायावरच टोच मारली. एकदा, दोनदा. भागूने डोळे मिटले, हात पुढे केला आणि एका गिऱ्हाइकाच्या उशीच्या अभ्र्यात पिल्लू गुंडाळून घरात पळाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने जिवंत पाखरू हातात धरलं होतं. अभ्र्यातून त्याची धडधड तिच्या बोटांना लागत होती. इतकी भरभर, की आता थांबेल, मग थांबेल असं होत राहिलं.

सकाळी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बोटाने चाचपला. शरबताची प्लास्टिकची नळी उभी चिरली, आत कापूस घातला, त्यात पाय बसवून चिकटपट्टी गुंडाळली.

"जगेल?" भागूने विचारलं.

"ऊब द्या. गार पडलं की गेलं. आणि पाणी चोचीच्या कडेला लावा, घशात ओतू नका. नाहीतर गुदमरेल."

झालं! आता तीन-तीन भीती. गार पडायची, गुदमरायची आणि वन्संची. एरवी भागूला एका वेळी एकच पुरायची.

पण उबेची गोष्ट मात्र तिच्या हातातली होती. कुठल्या कापडाला किती ताप सोसतो, हे ती डोळे मिटून सांगायची. जुन्या चादरीची घडी इस्त्रीने तापवायची, गालाला लावून बघायची, जरा निवू द्यायची आणि मग खोक्यात पिल्लाखाली सारायची. तासाभराने पुन्हा. मध्येच पिल्लू निपचित पडलं की ती वाकून "ए बाळा, ए" करायची. त्याने डोळा उघडला की ही पुन्हा इस्त्रीकडे वळायची. दरम्यान वन्संना काय सांगायचं तेही तिने ठरवून टाकलं. मांजर आलं होतं. कुठलं? काळं. नको, पांढरं. शेजारी काळं होतं, उगाच त्याच्यावर आळ यायचा.

चार दिवसांचं सांगून वन्सं तिसऱ्याच दुपारी दारात उभ्या. भागूच्या मांडीवर पिल्लू, बोटावर पाण्याचा थेंब. लपवायला जागा नव्हती आणि वेळही. वन्संनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"हे काय?"

मांजर जिभेवर आलंच होतं. पण भागूच्या तोंडून भलतंच निघालं. "वन्सं, फळी माझ्या हातून पडली. मी चेंगरलं त्याला."

वन्संचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "साधी फळी धरता येत नाही? चार दिवस! चार दिवस सांभाळायचं होतं!" भागूने मात्र मांडी हलू दिली नाही. त्या रात्री दोघी पाठीला पाठ लावून जेवल्या.

अबोला तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी भागू घडी तापवत होती, तेव्हा वन्संनी आपणहून खोकं तिच्याजवळ सरकवलं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दहाव्या दिवशी पट्टी काढायची होती. वन्संनी कात्री भागूपुढे धरली. "तू काढ. माझे हात जाड, मला नाही जमायचं."

भागूने कात्री घेतली. कच्चकन काही कापलं गेलं तर? तिने एकेक टोक सोडवलं. नळी निघाली. पाय किंचित वाकडा जुळला होता. पिल्लू उभं राहिलं, कलंडलं, पुन्हा उभं राहिलं.

मग त्याला अंगणात सोडलं. कोंबडी ताठ मानेने जवळ आली. भागूने झाडू उचलला, वन्संनी दुसरा. कोंबडीने पिल्लाच्या डोक्यावर एक टोच मारली, थांबली, आणि माती उकरायला वळली. लंगडत लंगडत पिल्लू तिच्या मागे गेलं.

"ठेव आता तो झाडू," वन्सं म्हणाल्या.

"थोडा वेळ राहू दे ना," भागू म्हणाली, आणि अंधार पडेपर्यंत ती तशीच झाडू घेऊन पायरीवर बसून राहिली.