बैलांनी खाल्लेला वाघ

सत्तरच्या दशकात मी पवनीजवळ नवा नवा मास्तर झालो आणि एका शिबिरात चार दिवस बाहुल्या बनवायला शिकून आलो. चार दिवसांत माणूस धड पोहायलाही शिकत नाही. मी मात्र थेट लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता होऊनच परतलो.

भांडवल काही नव्हतं. रद्दीच्या लगद्याची डोकी केली, त्यांना तैलरंग फासला, आईच्या जुन्या लुगड्यांची अंगं शिवली आणि आत गोठ्यातली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, ठासून भरला. वर दोऱ्या बांधल्या. नाटकही माझंच: वाघानं शेतकऱ्याचा बैल खाल्ला म्हणून राजा न्याय करतो. नाटकाची नक्कल मी धाकट्या बहिणीला पत्रातून इतक्यांदा पाठवली, की माझ्याआधी तिलाच पाठ झाली.

ती कोंढ्याला दिलेली. भाऊबीज झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे नाटक-तमाशांची जत्रा, भरते, तिथल्या मंडईत दुपारचा खेळ तिनंच सासऱ्यांना गळ घालून मिळवला होता. भाऊ बाहुल्या खेळतो म्हणून सासू तिला येता-जाता टोमणे मारायची. बहिणीनं मला बजावलं होतं, "दादा, मी सासूच्या बाजूले समोर बसून पाहीन. तोंड खाली नोको पाडू."

वाटेत मोडू नयेत म्हणून बाहुल्या बैलबंडीत तणशीतच गुंडाळल्या. इतकी अक्कल फक्त धानपट्टीतल्या कलावंतालाच सुचते. पोचल्यावर बैल सोडले, नेहमीसारखे बंडीलाच बांधले आणि आत चहा पीत कलेवर बोलत बसलो. मी थांबेपर्यंत बैलांनी वरची तणीस संपवून आतल्या तणशीचा शोध लावला होता. वाघ पोटातून फाटलेला, शेतकरी अर्धा, राजाचं नुसतं डोकं. मी बंडीचं चाक धरून खाली बसलो आणि खरंच रडलो.

सासरे म्हणाले, "मास्तर, रडता काहून? बैलायले काय समजते, राजा कोनता अन् तनीस कोनती?"

बहिणीनं मात्र पेटीतून आपलं ठेवणीतलं पातळ काढलं, टरटरा फाडलं आणि तिन्ही डोक्यांखाली झगे टाचले. आता बाहुल्या दोऱ्यांवर नाही, हातात घालून नाचवायच्या होत्या. पण पात्रं तीन आणि मला हात दोन. नक्कल पाठ असलेलं माणूस गावात एकच होतं.

खेळ झाला. वाघ चुकून राजाच्या आधीच बोलला, लोक भलत्याच ठिकाणी हसले, पण हसले पोटभर. टाळ्या पडल्या तसा मी पडद्याबाहेर गेलो आणि गरजेपेक्षा तीनदा जास्त वाकलो. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सुनेचा भाऊ हाये." त्यांच्या बाजूची जागा कुणी बसू नये म्हणून त्यांनी पदरानं झाकून ठेवली होती.

मी धावत पडद्यामागं गेलो. बहीण अजून शेतकरी हातात घालून उकिडवी बसली होती. मी फुशारक्या मारत विचारलं, "कसा झाला आपला खेळ?"

"मले काय मालूम, दादा," ती म्हणाली. "मी तं मांगंच होती."