अण्णांनी पारखलेलं ट्रायपॉडचं हेड

मंडळी, महिनाभर व्हिडिओ बघून मी ठरवून बसलो होतो, माझ्या लाकडी, भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला बॉल हेडच घ्यायचं, म्हणजे एका गोळ्यावर सगळीकडे फिरणारी बैठक.

आज मुदखेडहून कॅमेरा घेऊन नांदेडच्या दुकानात गेलो. सोबत अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मात कधी फोटो काढला नाही, पण बैल पारखायला सगळं गाव त्यांनाच नेतं.

दुकानदारानं कॅमेरा बॉल हेडवर चढवून घट्ट आवळला. अण्णांनी बैलाच्या खांद्यावर ठेवावा तसा त्यावर पंजा ठेवला अन् दाबला. कॅमेऱ्यानं हळूच नाक खाली घातलं.

“मान टाकून राहिलं की हे! न्हाई चालणार. दुसरं दाखवा.”

मग तीन दांड्यांचं जड हेड आलं, प्रत्येक दिशेला वेगळी दांडी. अण्णांनी पुन्हा जोर लावला. हेड ढिम्म.

“हे घे. लई इमानदार हाय.”

संध्याकाळी अंगणात पहिला फोटो अण्णांचाच. काळ्या कापडाखालून मी ओरडलो, “अण्णा, हलू नका!” हेड तसूभर हललं नाही. अण्णाच हसून हसून हलले.

फोटो हललेला येणार, अन् मी तोच फ्रेम करून भिंतीवर लावणार. तुमच्या घरात असं हातानं पारखणारं कोण आहे?