उगारलेला हात
लाकडाच्या पॉलिशचा वास आला की मला ती जुनी इंग्लिश हवेली आठवते, दूरदेशीच्या उसाच्या मळ्यांवर गुलाम राबवून मिळवलेल्या पैशांवर उभी राहिलेली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि शाळेला हाफ टर्मची सुट्टी म्हणून पिनरच्या आमच्या घरून मी तिला तिथे घेऊन गेले होते. वरच्या मजल्यावर मुलांच्या खोलीत भिंतीला एक छडी टांगली होती. गाइड बाई सांगत होत्या, की मालक आपल्या मुलाला या छडीने फोडून काढायचा, आणि तोच मुलगा मोठा होऊन मळ्यावर गेला तेव्हा गुलामांवर चाबूक चालवू लागला. मुलीने मला विचारलं, "आई, पण त्याची मम्मी कुठे होती?" उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या लहानपणी आमच्याकडे बाबा पट्टा काढायचे, तेव्हा आई स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून उभी राहायची. तेवढ्यात कार्टी आडव्या बांधलेल्या दोरीखालून आत घुसली आणि तिथल्या लाकडी घोड्यावर जाऊन बसली. मी मागोमाग गेले आणि माझा हात उगारला गेला, अगदी बाबांसारखा. तिने हाताकडे पाहिलं, खुदकन हसली आणि "हाय फाइव्ह!" म्हणत त्यावर टाळी दिली. उगारलेला हात कशासाठी असतो, हे तिला माहीतच नव्हतं! पोटच्या पोरीचा इतका हेवा वाटला, की अंगाचा नुसता जळफळाट झाला. हिलाच का, मला का नाही? आता ती माझ्याहून उंच झालीय. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिने हात वर केला, की अजून मीच डोळे मिटून घेते.